सी-पेप्टाइड दिसतंय म्हणून इन्सुलिन थांबवू नका

टाईप वन डायबेटिसच्या मुलांचे आईवडील आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला येतात, पाकीट काउंटरवरच उघडतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "ताई, बरं होतंय ना हो?" मी कराडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घेणं, ट्यूब फिरवणं, मशीनवर लावणं, रिपोर्ट छापणं हे माझं रोजचं काम. उपचार सांगणं माझं काम नाही. पण माझी भाची सई सात वर्षांची असताना तिला टाईप वन, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते तो डायबेटिस, निघाला, आणि तेव्हापासून हे आकडे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी वाचतेय. आज लिहायला बसले ती मात्र दुसऱ्याच एका मुलामुळे.

नऊ-दहा वर्षांचा मुलगा. निदान होऊन चार-पाच महिने झालेले. सुरुवातीला दिवसाला वीस-बावीस युनिट लागणारं इन्सुलिन उतरत उतरत सहा-सातवर आलेलं, शुगर ११०-१३०च्या घरात. घरच्यांना कोणीतरी एक चूर्ण दिलं आणि "सी-पेप्टाइड करून बघा, स्वादुपिंड पुन्हा चालू झालंय" असं सांगितलं. सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी रक्तचाचणी, आलं १.१. रिपोर्टवर शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते, त्यात ते बसत होतं, त्यामुळे आकड्यापुढे खूण नाही. वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो, इतका आनंद झाला होता त्यांना. मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही बदलू नका." ते हो म्हणाले. घरी जाऊन इन्सुलिन बंद केलं. पंधरवड्याच्या आत पोरगं किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून, ॲडमिट. रात्री त्याचं सॅम्पल आमच्याकडेच आलं. पोरगा वाचला, आता घरी आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतोय.

रिपोर्ट बरोबर होता. त्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता, आणि तो चुकीचा अर्थ विकणारे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन थेट बनवत नाहीत. आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी बनते. शिकागो विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ साली ती शोधून काढली. साखळीचा मधला तुकडा कापला जातो तेव्हा इन्सुलिन मोकळं होतं, आणि कापलेला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. शेंग फोडली की दाणे हाती येतात आणि टरफल उरतं, तसंच हे. बाटलीतलं किंवा पेनमधलं इन्सुलिन म्हणजे बाजारातून आणलेले सोललेले दाणे, त्यासोबत टरफल येत नाही. म्हणून मूल कितीही इन्सुलिन टोचून घेत असलं, तरी रक्तातलं सी-पेप्टाइड मोजलं की त्याचं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते कळतं. शिवाय इन्सुलिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं, सी-पेप्टाइड मात्र अर्धं व्हायलाच सुमारे अर्धा तास लागतो, त्यामुळे ते मोजायलाही सोयीचं.

मग १.१ चा अर्थ काय? एकट्या आकड्याचा काहीच नाही. त्याच सुईतून घेतलेल्या रक्ताची शुगर किती होती, हे माहीत हवं. शुगर ८० असताना स्वादुपिंडाला काम कमी, तेव्हा सी-पेप्टाइड कमी असणं साहजिक आहे. शुगर २४० असताना निरोगी माणसाचं स्वादुपिंड झटून इन्सुलिन सोडतं, सी-पेप्टाइड कितीतरी वर जातं. २४० शुगरवर १.१ म्हणजे स्वादुपिंड दमलेलं आहे. आणि शेजारी छापलेली रेंज निरोगी माणसांच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तावरून ठरवलेली असते. टाईप वनच्या मुलाचा आकडा त्या चौकटीत ठेवून "नॉर्मल" म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

त्या मुलाच्या बाबतीत जे चाललं होतं त्याला डॉक्टर हनिमून फेज म्हणतात. निदान होतं तेव्हा बऱ्याच बीटा पेशी मेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. उरलेल्या पेशी वाढलेल्या शुगरने गुंगलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, शुगर खाली आली की त्या पुन्हा काम करू लागतात. डोस उतरतो. हे काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभर किंवा जास्तही चालतं. चूर्ण न घेणाऱ्या मुलांमध्येही हे होतं. सईचंही झालं होतं, तिचा रात्रीचा डोस दोन युनिटवर आला होता. तेव्हा वहिनी रोज देवापुढे हात जोडायची आणि दादा रोज मला विचारायचा, "खरंच कायमचं असं राहणार नाही?" नाही राहणार, असं त्याला सांगताना जीव तुटायचा.

पण याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या उरलेल्या पेशी जपण्यासारख्या असतात. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ टाईप वन रुग्णांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. काटेकोर इन्सुलिन घेणाऱ्यांचं सी-पेप्टाइड जास्त काळ टिकलं, आणि ज्यांचं थोडंफार टिकलं त्यांना जोरात शुगर उतरण्याचे प्रसंग कमी आले, डोळ्यांचं नुकसानही कमी झालं. म्हणजे सी-पेप्टाइड शिल्लक आहे म्हणून इन्सुलिन थांबवणं हे अगदी उलटं काम आहे. इन्सुलिन नीट चालू ठेवलं तरच ते शिल्लक राहण्याची आशा. बॉस्टनच्या जॉस्लिन सेंटरने पन्नास किंवा जास्त वर्षं इन्सुलिनवर असलेल्या लोकांचं रक्त तपासलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये थोडंसं सी-पेप्टाइड अजून सापडलं. पन्नास वर्षं! आणि ती सगळी माणसं इन्सुलिनवरच होती.

तपासणी करायचीच असेल तर कधी करायची? ॲडमिट असताना, शुगर ४००-५०० असताना केली तर आकडा खोटा खाली येतो, पेशी तेव्हा गुंगलेल्या असतात. घरी आल्यावर, घडी बसल्यावर, पोटभर जेवल्यानंतर दीड-दोन तासांनी, सोबत शुगर. जेवणानंतरचं सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ संपलं असं धरतात. एक गोष्ट नीट बघा: काही लॅब नॅनोग्रॅममध्ये रिपोर्ट देतात, काही पिकोमोलमध्ये. ०.६ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण २०० पिकोमोल. एका लॅबचं ०.५ आणि दुसरीचं १६५ बघून "तिप्पट-चौपट नाही, शेकडो पटींनी वाढलं" म्हणत नाचत आलेले लोक मी पाहिलेत. दोन्ही आकडे एकच होते.

आता अँटीबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीने एखाद्या लक्ष्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं. लंडनमध्ये बोत्ताझ्झो आणि डोनियाख यांच्या गटाने १९७४ साली रुग्णांचं सिरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला द्रव भाग, माणसाच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापांवर टाकलं, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली चमकले. रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्ध काहीतरी आहे, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं. पुढे एकेक लक्ष्य ओळखू आलं: इन्सुलिन, गॅड, आयए-टू, आणि २००७ मध्ये झिंक ट्रान्सपोर्टर. आपल्याकडे सर्वांत जास्त गॅडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी मागवतात. आमच्यासारख्या लॅबमध्ये ते मशीन नसतं. आम्ही सिरम वेगळं करून, आईसपॅक घालून मोठ्या लॅबला पाठवतो आणि दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो.

सईचं गॅड मशीनच्या मर्यादेच्या पलीकडे आलं होतं. आकड्याच्या जागी "२५० पेक्षा जास्त". वहिनी तो कागद हातात घेऊन खालीच बसली. तिला वाटलं, जेवढा आकडा मोठा तेवढा आजार भारी. तसं नसतं. अँटीबॉडी ही हल्ल्याची खूण आहे, बीटा पेशी मारण्याचं मुख्य काम प्रतिकारशक्तीच्या टी पेशी करतात. २००१ साली एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली, त्याच्या शरीरात जन्मापासून अँटीबॉडी तयार करणाऱ्या बी पेशी नव्हत्या, म्हणजे अँटीबॉडी बनूच शकत नव्हत्या. तरी त्याला टाईप वन झाला. तेव्हा ५० असो की २५०, इन्सुलिनचा डोस त्यावरून ठरत नाही. आणि काही वर्षांनी हा आकडा आपोआप उतरू शकतो, कारण हल्ला करण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. गॅड निगेटिव्ह झालं म्हणून पेढे वाटू नका, आणि दरवर्षी ते करायला पैसे घालवू नका. निदानाच्या वेळी एकदा केलं की त्याचं काम झालं.

इन्सुलिनविरुद्धची अँटीबॉडी तर बाहेरचं इन्सुलिन सुरू झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत त्या टोचलेल्या इन्सुलिनमुळेही तयार होते. त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तर ते कशामुळे, हे सांगता येत नाही. कोणी सहा महिन्यांनी ही चाचणी लिहून दिली तर का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निगेटिव्ह आलं म्हणजे टाईप वन नाही, असंही धरता येत नाही. आपल्याकडे हा गोंधळ जास्त, कारण आपल्याकडे पंचविशीतल्या सडपातळ माणसाला टाईप टूही होतो. वजन आणि वय बघून प्रकार ओळखायचे युरोपातले आडाखे इथे लागू पडतातच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधलं एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं की जनुकांवरून काढलेला जोखमीचा गुणांक भारतीय रुग्णांमध्येही टाईप वन आणि टाईप टू वेगळे करायला उपयोगी पडतो. आपल्या माणसांच्या रक्तावर झालेलं काम आहे हे, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. आणि एक अगदी लहान गट: सहा महिन्यांच्या आत डायबेटिस निघालेली बाळं. त्यांना बहुधा टाईप वन नसतोच, एखाद्या जनुकातला दोष असतो, आणि त्यांतल्या काहींचं इन्सुलिन बंद होऊन गोळ्यांवर भागतं. अशा बाळाची जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. "इन्सुलिन सुटलं" ही गोष्ट खरी असते ती इथे, रीतसर तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

"तीन महिन्यांची शुगर", म्हणजे एचबीएवनसी, हा सगळ्यांच्या ओळखीचा आकडा. १९६८ साली इराणमध्ये सॅम्युएल रहबार हिमोग्लोबिनचे प्रकार तपासत होते, तेव्हा डायबेटिसच्या रुग्णांच्या रक्तात त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. तिथून ही चाचणी आली. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणजे हा आकडा शुगरइतकाच लाल पेशींच्या आयुष्यावरही अवलंबून असतो, आणि हे आपल्याकडे फार थोडे लोक लक्षात घेतात.

सई तेरा वर्षांची झाली, पाळी सुरू झाली, आणि पुढच्या तपासणीत एचबीएवनसी ८.४ आलं. आधी साडेसातच्या आसपास असायचं. घरात वातावरण तापलं. "चोरून खातेस का?" इथपर्यंत मजल गेली. पोर रडून रडून बेजार, तिने अंगावर लावलेल्या शुगरच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा मोबाईल पुढे केला, "आत्या, तूच बघ." तीन महिन्यांची सरासरी १६८. ८.४ एचबीएवनसीला सरासरी १९४च्या आसपास असायला हवी. एवढा फरक का? मी त्याच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, लावलं. हिमोग्लोबिन ८.२, पेशी लहान, फिकट. लोहाची कमतरता. त्यात एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा वर दिसू शकतं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं, आणि लगेच एचबीएवनसी करू नका असं बजावलं, कारण नव्या पेशींची भर पडते तेव्हा आकडा उलट खोटा खाली जातो. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६, एचबीएवनसी ७.६. पोरीने चोरून काहीही खाल्लं नव्हतं. दादाने तिची माफी मागितली, आणि मला त्याचं बरं वाटलं.

पाळी सुरू झालेल्या मुलींच्या आईवडिलांना म्हणूनच मी म्हणते, एचबीएवनसीसोबत सीबीसी करा. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आहे. तिथे लाल पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसी फसवं कमी येतं. अशा मुलांना ग्लुकोमीटरची वही, सेन्सर किंवा फ्रुक्टोसामाइन यांवर भिस्त ठेवावी लागते. फ्रुक्टोसामाइन दोन-तीन आठवड्यांचा हिशोब देतं.

वर्षातून एकदा थायरॉइड बघायचं, कारण स्वतःच्याच अवयवांवर उलटलेली प्रतिकारशक्ती बऱ्याचदा थायरॉइडकडेही वळते. सईची थायरॉइडची अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे, थायरॉइडचं काम दाखवणारं टीएसएच अजून ठीक आहे, गोळी नाही. सीलियाकसाठी, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडतं त्या आजारासाठी, टीटीजी-आयजीए ही अँटीबॉडी तपासतात, सोबत एकूण आयजीए. ही चाचणी व्हायच्या आधी पोळी बंद करू नका, गहू पोटात जात नसेल तर अँटीबॉडी उतरते आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

आता ज्या रात्री त्या मुलाचं सॅम्पल आलं, त्या रात्रीचं सांगते. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली. एरवी सिरम पिवळसर, पारदर्शक असतं, पलीकडचं लेबल वाचता येतं. याचं पांढरं होतं, दुधासारखं. इन्सुलिन नसलं की शरीरातली चरबी सुटून रक्तात येते आणि रक्तातून उचललीही जात नाही. सईचं पहिल्या रात्रीचं सिरमही असंच होतं, मी ओळखलं. असं सिरम असलं की काही मशीनवर सोडियमसुद्धा खोटं कमी दिसतं, म्हणून मी रिपोर्टवर तशी टीप लिहिली आणि वॉर्डला फोन केला.

त्याच चरबीपासून किटोन बनतात. घरोघरी लघवीची पट्टी असते, ती ॲसिटोॲसिटेट ओळखते. पण किटोॲसिडोसिसमध्ये सर्वांत जास्त असतं ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि ते त्या पट्टीला दिसतच नाही. उपचार सुरू झाल्यावर त्याचं ॲसिटोॲसिटेट होतं, म्हणून पोर सुधारत असतानाही पट्टी जास्त जांभळी होते आणि घरचे घाबरतात. रक्तातले किटोन मोजणारं मीटर हे थेट मोजतं. ०.६ च्या खाली ठीक, ३ च्या वर गेलं की घरी बसायचं नाही, थेट दवाखाना. पट्ट्या महाग आहेत, मान्य. पण ताप, उलट्या असल्या की घरात चार पट्ट्या असाव्यात. आणि मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नाही, आजारपणात तर नाहीच. डोस किती, ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

शेवटी ओमबद्दल. सईचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा. "त्याचंही करून ठेवायचं का गं?" वहिनीने बरीच वर्षं मनात ठेवलेला प्रश्न यंदा विचारला. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मुलांचा जन्मापासून माग ठेवणारा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांना दहा वर्षांत टाईप वन झाला. एकच असलेल्यांत सुमारे १५ टक्के. इटलीने तर २०२३ मध्ये सगळ्या मुलांच्या तपासणीचा कायदाच केला. अमेरिकेत २०२२ पासून टेप्लिझुमॅब नावाचं औषध मंजूर आहे. आठ वर्षं किंवा त्यावरच्या, दोन किंवा अधिक अँटीबॉडी असलेल्या आणि शुगर नुकती बिघडू लागलेल्या रुग्णांत ते आजार साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. दोन वर्षं कमी वाटतील, पण सात वर्षांच्या मुलीला रोज टोचलेल्या घरात विचारा.

ओमचं रक्त मीच घेतलं. गॅड पॉझिटिव्ह, तेही जेमतेम. आयए-टू आणि झिंक ट्रान्सपोर्टर निगेटिव्ह, शुगर आणि एचबीएवनसी चांगलं. किटची सीमारेषाच अशी आखलेली असते की निरोगी लोकांतही शंभरात एखादा पॉझिटिव्ह निघतो. डॉक्टरांनी काही महिन्यांनी त्याच लॅबमधून पुन्हा करायला सांगितलंय, त्याच लॅबमधून, कारण एका किटचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही. तोवर ओमला काहीही औषध नाही, पथ्य नाही. फार तहान लागली, रात्री उठून लघवीला जाऊ लागला, वजन उतरलं, तर उशीर न करता बोटातून शुगर बघायची, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. मीटर सईचंच आहे, आणि तिने त्याला ते कसं वापरायचं ते शिकवून ठेवलंय.